लहानपणीच्या पुस्तकावर सिनेमा निघाला की असं का होतं? तुमचा अनुभव सांगा

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी, विषय लई दिवसापासून डोक्यात घोळायलाय म्हणून इथं टाकायलो. आमची लेक आता सहावीला आहे, उन्हाळ्यात तिला आमच्या इथल्या वाचनालयातून फास्टर फेणे आणून दिला. पुस्तक इतकं जुनं की पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली, आतल्या तारखेच्या कागदावर शिक्क्यावर शिक्के, कोपरे हात लागून लागून गोल झालेले. तिनं एक संपवलं की दुसरं, दुसरं संपलं की स्वतःच वाचनालयात जाऊन ग्रंथपाल काकांना उरलेली कुठायत म्हणून विचारायली. जेवताना पुस्तक, झोपताना पुस्तक, सायकल फिरवताना तोंडानं फेणेसारखं ट्टॉक. मला लई बरं वाटायलं कारण त्याच वयात मी बी हेच वाचलेलं, भा. रा. भागवतांनी आमच्यासारख्या खेड्यातल्या पोरांना पुणं दाखवलं ते फुरसुंगीच्या बन्याच्या, म्हणजे ह्या फेणेच्याच सायकलवरून, खरं पुणं बघायच्या कितीतरी आधी.

मग तिला मैत्रिणीकडून कळलं की यावर सिनेमा आहे. 2017 चा, अमेय वाघचा. घरातले सगळे बसलो बघायला. सिनेमा सुरू झाल्या झाल्या लेकरू म्हणलं, "पप्पा हा तर मोठा दादा आहे, फेणे कुठाय?" मी म्हणलं हाच फेणे आहे बेटा, मोठा झालाय आता. ती गप बसली. पुढं मेडिकल प्रवेश परीक्षेचा घोटाळा, एका पोराचा मृत्यू, आत्महत्या का खून अशी भानगड सुरू झाली तसं तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं अन् अर्ध्यातच बंद करा म्हणली.

आता खरं सांगतो, सिनेमा म्हणून तो वाईट नाही. अमेय वाघ जीव तोडून पळालाय, गिरीश कुलकर्णीचा खलनायक आप्पा बघून अंगावर काटा येतो, अन् दिलीप प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवत करणं ही कल्पना तर मला लईच आवडली. पण जे पुस्तक दहा-अकरा वर्षांच्या लेकरासाठी लिहिलं त्याचा सिनेमा दहा-अकरा वर्षांच्या लेकराला बघताच येऊ नये, हे मला पटतच नाही. गोष्ट बदलली त्याचं काही वाटत नाही, गोष्टीतून लेकरूच काढून टाकलं ह्याचं वाटतं. बन्याची सगळी मजा ह्यात होती की तो बारका, लुकडा, कोणी त्याच्याकडं लक्ष देत नाही म्हणून तो कुठंबी घुसतो, अन् मोठ्या माणसांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. वीस-बावीस वर्षांचा तगडा गडी तेच करायला लागला तर त्यात विशेष काय राहिलं?

तुमच्या लहानपणीच्या कोणत्या पुस्तकाचं असं झालं? अन् कोणतं नीट जमलंय असं असेल तर ते बी सांगा, तिला दाखवीन म्हणतो.

लातूर_गंजगोलाई

दादा तुमचं दुःख कळतंय पण मी त्या सिनेमाच्या बाजूनं बोलणार. आम्ही लातूरात राहतो, आमच्या गल्लीत निम्म्या घरांच्या वरच्या मजल्यावर क्लाससाठी आलेली पोरंपोरी राहतात, नांदेड, बीड, सोलापूर, कुठून कुठून. सकाळी सहाला पाठीवर दप्तर टाकून निघतात ते रात्री मेसचा डबा घेऊन परत येताना दिसतात. रिझल्टच्या दिवशी गल्लीत कसली शांतता असते ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. माझ्या पुतण्यानं दोनदा नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा दिली हो. त्या सिनेमात प्रवेश परीक्षा, पोरांवरचं प्रेशर, त्यावर पैसे कमावणारी माणसं हे सगळं बघताना मला वाटलं की अरे, हा आपला फेणे आपल्या आजच्या प्रश्नात उतरलाय. भागवतांचा बन्या बी त्या काळात जे चाललेलं त्यातच घुसत होता की. मग आज असता तर तो कुठं घुसला असता? इथंच ना?

आणि दुसरं म्हणजे ती पुस्तकं वाचलेली पिढी आता चाळिशी-पन्नाशीत आहे, तिकीट काढणारी तीच. रितेश देशमुखनं तो काढला, तो बी आमच्या बाभळगावचा. त्यानं आपल्यासाठी काढलाय तो सिनेमा, लेकरांसाठी नाही. एवढं मात्र मान्य की मग नाव बघून लोक लेकरांना घेऊन बसतात त्याचं काय करायचं.

औरंगपुरा_वाचक

गोदाकाठ दादा, चांगला विषय काढलात. मी संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत वाढले असं म्हटलं तरी चालेल, वडिलांसोबत दर रविवारी तिथे चक्कर असायची. या विषयावर मी खूप विचार केलाय आणि मला एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे आपल्याकडे लहान मुलांच्या पुस्तकांच्या मालिका जमल्या आणि सिनेमे बिघडले.

आठवून बघा. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या दूरदर्शनवर आला, त्याचं शीर्षकगीत अजून लोकांना पाठ आहे. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ, म्हणजे प्रभावळकर आणि बाळ कर्वे, त्यांना बघून कोणी म्हणालं का की पुस्तकातले वेगळे होते? फास्टर फेणेचीच आधी मालिका होती, सुमीत राघवन तेव्हा शाळकरी वयाचा होता आणि तो फेणे वाटायचा. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे मालगुडी डेज, आर. के. नारायण यांच्या गोष्टींवरची मालिका. शंकर नाग यांनी कर्नाटकात आगुंब्याला सगळं चित्रीकरण केलं, आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, आणि तो स्वामी, मंजुनाथ नावाचा मुलगा. आम्ही मराठी शाळेतली मुलं, मालिका हिंदीत, गोष्ट मूळ इंग्रजीत, गाव दक्षिणेतलं आणि तरी स्वामीला परीक्षेची जी भीती वाटते ती अगदी आपलीच.

याचं कारण काय? ही सगळी पुस्तकं म्हणजे छोट्या छोट्या गोष्टी आहेत. एक फजिती, एक भांडण, एक सहल, संपली गोष्ट. पुढच्या आठवड्यात दुसरी. मालिकेला हे तंतोतंत जमतं. सिनेमाला दोन-सव्वादोन तास एकच दोरी लागते, त्या दोरीला ताण लागतो, ताणासाठी खलनायक लागतो, आणि खलनायक आला की गुंड, बंदूक, पाठलाग सगळं येतं. चिंटूचं बघा ना. 1991 पासून सकाळमध्ये यायचा, तीन-चार चौकटींत खेळ खलास, आई-पप्पा, पप्पू, मिनी, एवढंच जग. 2012 ला सिनेमा आला तर त्यात खेळायच्या मैदानासाठी गुंडांशी झुंज. मुलं गोड होती त्यातली, पण चिंटूला गुंडांची गरज कधीच नव्हती, चिंटूला सकाळी दूध प्यायचं नसतं हाच केवढा मोठा संघर्ष होता!

शाळा कादंबरीही मला इथे आठवते, जरी ती लहान मुलांची नसली तरी आम्ही नववी-दहावीत चोरून वाचली म्हणून. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो छानच आहे, पण पुस्तक म्हणजे मुकुंदा मनातल्या मनात जे बोलतो ते. सगळ्या मास्तरांवर, आईवर, बहिणीवर त्याची जी टिप्पणी चाललेली असते ती काढली तर उरतं ते एका मुलाचं एका मुलीकडे बघणं. कॅमेरा ते बघणं दाखवतो, बोलणं कुठून आणणार?

नांदेडी_पॉटरहेड

औरंगपुरा ताई शंभर टक्के सहमत!! आता माझं दुःख ऐका. मी हॅरी पॉटर मराठीतून वाचलाय, नांदेडला मामाकडं सुट्टीत, एकेक भाग म्हणजे जाडजूड वीट, रात्री लाईट गेली तरी चार्जिंगच्या बॅटरीवर वाचायचो. सिनेमे नंतर बघितले, हिंदीतून. सगळे म्हणतात सिनेमे भारी आहेत, असतील, पण माझा रॉन, हॅरीचा जिवलग दोस्त, त्याचं पात्रच त्यांनी मारून टाकलं.

तिसऱ्या पुस्तकात तो सीन आहे बघा, किंचाळणाऱ्या झोपडीतला, रॉनचा पाय मोडलेला, धड उभं राहता येत नाही, समोर सिरियस ब्लॅक, सगळ्यांना वाटतंय हा खुनी आहे, अन् रॉन त्या मोडक्या पायावर उभा राहून त्याला सांगतो की हॅरीला मारायचं असेल तर आधी आम्हाला मारावं लागेल. वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, कारण तोवर रॉन म्हणजे सगळ्यांपेक्षा मागं राहणारा, जुने कपडे घालणारा, भावांच्या सावलीत वाढलेला. 2004 चा सिनेमा बघितला तर ते वाक्य त्यांच्या मैत्रिणीला, हर्मायनीला देऊन टाकलं अन् रॉन बसल्या बसल्या कण्हायलाय. मग पुढं सगळ्या सिनेमांत रॉन म्हणजे नुसता हसायचा विषय. ज्यांनी फक्त सिनेमे बघितलेत ते मला विचारतात हर्मायनीनं ह्याच्यात काय बघितलं. अरे पुस्तक वाचा ना मग कळंल काय बघितलं!

अन् तो नकाशा, मरॉडर्स मॅप, तो कोणी बनवला हे सिनेमात सांगितलंच नाही. हॅरीच्या बापानं अन् त्याच्या दोस्तांनी बनवलेला, म्हणजे पोराच्या हातात बापाची वस्तू आहे अन् त्याला माहीत नाही, किती मोठी गोष्ट आहे ती. दोन मिनिटांचा सीन होता, तेवढा बी टाकला नाही. पीव्ह्जचं तर सोडाच, तो भूत पूर्ण गायब. त्यामुळं औरंगपुरा ताईंचं मालिकेचं म्हणणं मला एकदम पटलं, एवढं जाड पुस्तक अडीच तासात कोंबलं की सगळ्यात आधी बारकी माणसं बाहेर फेकली जातात.

किनवट_जंगल

जंगल बुकवर कोणीच कसं बोललं नाही? आमच्या किनवटकडं जंगल आहे, लहानपणी मला खरंच वाटायचं की मोगली पैनगंगेच्या काठानं येऊ शकतो, कारण किपलिंगची गोष्ट घडते ती सिवनीच्या डोंगरात, वैनगंगेच्या काठी, म्हणजे नकाशावर बघितलं तर आपल्यापासून किती लांब? विदर्भ ओलांडला की आलंच.

त्यात 'का' नावाचा अजगर आहे. पुस्तकात तो मोगलीचा दोस्त. माकडं मोगलीला पळवून नेतात तेव्हा बघीरा अन् बल्लू त्याच्याकडंच मदत मागायला जातात, अन् त्या पडक्या शहरात माकडांची जी दाणादाण उडते ती ह्या 'का' अजगराच्या नुसत्या तिथं असण्यानं. म्हातारा, शहाणा, थंड डोक्याचा. 1967 च्या डिस्नेच्या सिनेमात त्याला मोगलीला गिळायला टपलेला चोरटा करून टाकलंय. अन् माकडांना राजा दिला! पुस्तकाचा सगळा मुद्दा हा की माकडांना राजा नाही, कायदा नाही, कालचं आज आठवत नाही, म्हणून जंगल त्यांना मोजत नाही. बल्लू तर पुस्तकात कडक मास्तर, जंगलचा कायदा पाठ करून घेणारा, चुकलं की फटका देणारा, सिनेमात तो नाचत फिरतो.

साप म्हणला की वाईटच, हे आमच्याकडं रानात राहणाऱ्या लेकरांना कोणी शिकवू नये. आमचे आजोबा शेतात धामण दिसली तर मारू द्यायचे नाहीत, उंदरं खाती म्हणून. किपलिंगनं अजगराला मान दिला होता तो सिनेमावाल्यांनी काढून घेतला, मला हे लई लागलं होतं, अजून बी लागतं. दूरदर्शनवरची ती जपानी मालिका मात्र आवडायची, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान ऐकून धाकटा भाऊ पलंगाखाली जायचा.

लातूर_गंजगोलाई

औरंगपुरा ताई, मालिका चांगल्या अन् सिनेमे वाईट हे सरसकट नाही चालणार. छत्रीवाला सिनेमा विसरला का, द ब्लू अंब्रेला, विशाल भारद्वाजचा? रस्किन बाँडची बारकी गोष्ट, पहाडातली बिनिया नावाची पोरगी अन् तिची निळी छत्री, अन् ती छत्री पाहिजे म्हणून तडफडणारा दुकानदार. सिनेमात पंकज कपूरनं तो दुकानदार असा केलाय की शेवटी आपल्याला पोरीपेक्षा त्याचंच वाईट वाटतं. गोष्ट ताणली, गाणी टाकली, दुकानदाराचं नाव बी बदललं, अन् तरी जमलं, बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार बी भेटला त्याला.

औरंगपुरा_वाचक

हो, तो मला मान्य आहे, तो विसरले नव्हते. पण तो का जमला बघा. दुकानदाराला लोभ सुटतो तो कशाचा, एका छत्रीचा! म्हणजे म्हातारा माणूसच मुलाच्या पातळीवर येऊन हट्ट करतो. लहान मुलांचं जग जितकं मोठं असतं तितकंच ठेवलंय, त्याला खून-दरोड्याने फुगवलं नाही.

याच्या उलट रोआल्ड डालचं उदाहरण. त्यांचं पुस्तक 1964 चं, चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी, नावातच चार्ली आहे, गरीब घरातला, आठवडाभर कोबीचं पाणी पिणारा मुलगा. 1971 ला सिनेमा केला तेव्हा नावातून चार्ली गेला आणि कारखान्याचा मालक विली वोंका आला. डाल यांना तो सिनेमा आवडला नाही, सगळं लक्ष चार्लीवरून उठून वोंकावर गेलं हीच त्यांची तक्रार होती, आणि दुसऱ्या भागाचे हक्क त्यांनी दिलेच नाहीत. गोदाकाठ दादा म्हणतात तेच हे, गोष्टीतून लेकरू काढलं. मोठा नट घेतला की त्याला जागा द्यावी लागते, आणि जागा मुलाच्याच वाट्याची जाते.

झेडपी_गुरुजी_बालाघाट

मी बीड जिल्ह्यात डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की आमच्याकडचे निम्मे आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात, लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या महिन्यांत मी वर्गात दुपारच्या शेवटच्या तासाला श्यामची आई वाचतो. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, अन् पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एकेका रात्री श्याम सोबत्यांना एकेक गोष्ट सांगतो. म्हणजे ते लिहिलंच आहे मोठ्यानं सांगायसाठी. पायाला घाण लागू नये म्हणून आई पदर पसरते ती गोष्ट झाली की कोणी काही बोलत नाही. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई विहिरीवर पाठवते ती गोष्ट आली की वर्ग जागा होतो, कारण विहीर सगळ्यांना माहीत.

एका वर्षी मी वाचून झाल्यावर श्यामच्या आईचं चित्र काढायला सांगितलं. एकीनं डोक्यावर उसाची मोळी घेतलेली आई काढली. एकानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेली काढली, मांडीवर बारकं. एकीची आई चुलीपुढं, भाकरी थापताना, अन् मागं पाचटाची कोप, म्हणजे झोपडी. कोकणातली आई कोणाचीच नव्हती. दुसऱ्या वर्षी वेळ कमी होता म्हणून आधी सिनेमा दाखवला, आचार्य अत्र्यांचा, 1953 चा, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं तोच. सिनेमा थोरच आहे, वनमालाबाईंचं काम बघून मी स्वतः दरवेळी रडतो. लेकरं बी शांत बसून बघत होती. नंतर चित्रं काढली तर सगळ्यांची आई एकसारखी. तीच नेसण, तेच कुंकू, तेच घर.

म्हणून माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. वाईट सिनेमानं एवढं नुकसान होत नाही, लेकरू म्हणतं हा फेणे नाही, अन् पुस्तकाकडं परत जातं, गोदाकाठ दादांच्या लेकीसारखं. चांगल्या सिनेमाची जास्त भीती वाटते मला. तो इतका पक्का बसतो की आपलं स्वतःचं चित्र हलून जातं. 2023 ला सुजय डहाकेंनी परत श्यामची आई केला, कृष्णधवल, तो बी मनापासून केलेला आहे. पण आता मी आधी पुस्तक पूर्ण वाचतो, चित्रं काढून घेतो, ती भिंतीवर लावतो, अन् मगच पडदा लावतो. आधी दाखवायचं का आधी वाचायचं हे दादांनी विचारलं नसलं तरी सांगतो, आधी वाचायचं, अन् वाचल्यावर मधी थोडे दिवस जाऊ द्यायचे.

नांदेडी_पॉटरहेड

गुरुजी ट्रॉलीतल्या आईचं वाचून एकदम गप झालो. माझे पॉटरचे प्रश्न बारके वाटायले आता.

झेडपी_गुरुजी_बालाघाट

बारके कशाला? मोडक्या पायावर उभा राहणारा रॉन मला वर्गात वाचायचाय. पुस्तकाचं मराठी नाव टाका इथं.

गोदाकाठ_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. मालगुडी अन् निळी छत्री दोन्ही घरी सांगितलंय, पण गुरुजी म्हणले तसं आधी पुस्तकं. स्वामीचं पुस्तक मराठीत कुठं भेटंल औरंगपुरा ताई? अन् लातूरकर दादा, तुमचं पुतण्याचं वाचलं, तो सिनेमा तुम्हाला का भिडला ते आता समजलं, तुमच्या जागी मी असतो तर मला बी भिडला असता. पण लेकरांचा फेणे लेकरांना परत द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

औरंगपुरा_वाचक

दादा, स्वामीसाठी शनिवारी दुकानांत विचारून सांगते. फेणेची कोणती राहिलीत त्यांची यादी लेकीलाच करायला सांगा, नवीन आवृत्त्या मिळतात, कुरियरने पाठवता येतील.

लातूर_गंजगोलाई

देऊ की परत, कोण नाही म्हणतंय. माझं तर म्हणणं आहे की आता मालिकाच करावी कोणीतरी. वीसेक पुस्तकं पडून आहेत, एकेक गोष्ट एकेक भागात संपवायची, अर्धा-पाऊण तास. पोरगं घ्यायचं अकरा-बारा वर्षांचं, नाव नसलेलं, एखाद्या झेडपी शाळेतलं, फक्त सायकल हात सोडून चालवता आली पाहिजे. काळ तोच ठेवायचा, मोबाईल आणायचा नाही, मोबाईल आला की निम्म्या गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत सुटतात. अन् भागवतांच्या वाक्यांना हात लावायचा नाही. हे जमवणारं कोणी असंल तर आमच्या पुतण्याकडं सायकल आहे, जुनी, चेन उतरणारी, शूटिंगला फुकट देतो.